कायदा युरोपचा, न्यायाधीश घरचा

1 मे 2014 पासून भारतीय आंब्याला युरोपीय संघाचं दार बंद झालं, तेही ऐन हापूसच्या हंगामात. आंब्यासोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानंही अडली. कारण होतं माशी. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी आणि तत्सम कीड सापडली होती. ब्रिटनमधल्या व्यापाऱ्यांनी ओरड केली, काही खासदारांनीही आवाज उठवला. पण जिच्या सार्वभौमत्वाचे धडे आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांतही गिरवले जातात, त्या ब्रिटिश संसदेला युरोपीय कायदा न मोडता देवगडची एक पेटीसुद्धा एकटीच्या हुकमावर आत घेता येत नव्हती. निर्णय 24 एप्रिलला ब्रुसेल्समध्ये झाला होता आणि तो तेव्हाच्या 28 सदस्य देशांना उद्देशून होता. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, भाज्या मात्र आणखी अडकून राहिल्या.

अधिराष्ट्रीय कायदा, म्हणजे देशांच्या वर चालणारा कायदा, काय असतो हे या पेटीवरून नीट सांगता येतं. नेहमीचा आंतरराष्ट्रीय करार सरकार आणि सरकार यांच्यात असतो. भारताने करार केला तरी नागरिकाचा हक्क त्यातून आपोआप उगवत नाही. राज्यघटनेच्या कलम 253 खाली संसदेने कायदा करावा लागतो. जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करायची तर ती सरकारने करायची, बागायतदाराला तिथे उभं राहता येत नाही. युरोपीय संघात तीन गोष्टी वेगळ्या आहेत. बहुमताने झालेला कायदा विरोधात मत दिलेल्या देशालाही बांधतो. तो कायदा सरकारला ओलांडून थेट माणसापर्यंत आणि कंपनीपर्यंत पोचू शकतो. आणि त्याचा अर्थ लावण्याचा शेवटचा अधिकार लक्झेंबर्गच्या न्यायालयाकडे असतो, ज्याचं अधिकारक्षेत्र सदस्य देशाला नाकारता येत नाही. बहुमताचं गणितही ठरलेलं आहे: किमान 55 टक्के देश, म्हणजे आजच्या 27 पैकी 15, आणि त्यांच्यात संघाची किमान 65 टक्के लोकसंख्या. अडवायचं असेल तर किमान चार देश लागतात, म्हणजे तीन मोठ्यांनी मिळून बाकीच्यांना वेठीला धरता येत नाही.

‘युरोप म्हणजे आता एक देशच झाला’ असं म्हणणारे इथे चुकतात. भारतात सातव्या अनुसूचीतल्या केंद्र-राज्य वाटणीतून जे काही उरतं ते केंद्राकडे जातं. युरोपात नेमकं उलटं आहे. सदस्य देशांनी संघ उभारताना केलेल्या करारांनी जे दिलं तेवढंच संघाचं, उरलेलं सगळं सदस्य देशांचं. जकात, स्पर्धा-नियम, युरो वापरणाऱ्यांचं चलनधोरण, समुद्रातल्या माशांचं संवर्धन, बाहेरच्या देशांशी व्यापार हे विषय पूर्णपणे संघाचे आहेत. पर्यावरण, ग्राहक, शेती, वाहतूक यांसारखे विषय सामायिक आहेत. शाळेत काय शिकवायचं किंवा रुग्णालयं कशी चालवायची यात संघाने फार तर मदत करायची. त्यामुळे कुठल्याही युरोपीय नियमाबद्दल वाद झाला की वकिलाचा पहिला प्रश्न असतो: करारातल्या कुठल्या कलमाच्या आधारावर हा नियम केला? आधार चुकीचा निघाला तर नियमच कोसळतो.

आता खरी गंमत. ‘संघाचा कायदा देशाच्या कायद्यापेक्षा वरचढ’ हे वाक्य मूळ करारात कुठेही नव्हतं. ते न्यायालयाने घडवलं, आणि तेही अगदी किरकोळ रकमांच्या खटल्यांतून.

सप्टेंबर 1960 मध्ये व्हान गेंड एन लोस या डच कंपनीने पश्चिम जर्मनीहून युरिया-फॉर्माल्डिहाइड आणलं. डच अधिकाऱ्यांनी 8 टक्के जकात लावली. आधी ती 3 टक्के होती. मालाचं वर्गीकरण बदलल्यामुळे दर वाढला होता आणि रोमच्या, म्हणजे त्या मूळ कराराचं कलम 12 सांगत होतं की आपसातली जकात वाढवायची नाही. डच सरकारचं म्हणणं: करार आम्ही इतर सरकारांशी केलाय, या कंपनीशी नाही. 5 फेब्रुवारी 1963 ला न्यायालयाने सांगितलं की ही नवी कायदेव्यवस्था आहे आणि तिचे हक्कदार फक्त देश नाहीत, माणसंही आहेत. तरतूद स्पष्ट असेल, बिनशर्त असेल आणि तिच्यासाठी देशाने पुढे आणखी काही करायची गरज नसेल, तर माणूस ती थेट आपल्या देशाच्या कोर्टात पुढे करू शकतो. थेट परिणामाचं तत्त्व म्हणतात ते हेच.

दुसरा खटला मिलानच्या एका वकिलाचा. इटलीने 1962 मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. ज्या कंपन्या गेल्या त्यांतल्या एकीचे शेअर फ्लामिनियो कोस्ता यांच्याकडे होते. त्यांनी 1,925 लिरांचं वीजबिल भरायला नकार दिला आणि थेट कोर्टात गेले. इटलीच्या घटनान्यायालयाने मार्च 1964 मध्ये सरळ हिशेब मांडला होता: करार मान्य करणारा कायदा 1957 चा, राष्ट्रीयीकरणाचा 1962 चा, नंतरचा कायदा आधीच्यावर मात करतो, संपलं. लक्झेंबर्गने 15 जुलै 1964 ला उत्तर दिलं. नंतर केलेल्या घरच्या कायद्याने सामायिक कायदा मोडता येत असेल तर प्रत्येक देशात तो वेगळा होईल, मग त्याला सामायिक म्हणायचं कशाला? देशांनी मर्यादित क्षेत्रात का होईना, पण कायमचे अधिकार सोडले आहेत. कोस्तांच्या पदरात स्वतःला फारसं पडलं नाही, पण त्या बिलाने युरोपचं घटनाशास्त्र बदललं.

इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. संघाच्या कायद्याचं हे वरचढ असणं म्हणजे अग्रक्रम. पण अग्रक्रम म्हणजे देशाचा कायदा रद्द होणं नव्हे. भारतात समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भिडला तर कलम 254 म्हणतं की तो तेवढ्यापुरता शून्य. युरोपात देशाचा कायदा पुस्तकात जिवंतच राहतो. समोरच्या खटल्यात त्याला बाजूला ठेवायचं, इतकंच. त्यामुळे तोच कायदा ज्या प्रकरणात युरोपीय कायद्याचा संबंध नाही तिथे बिनधास्त लागू होतो. हे बाजूला ठेवायचं काम कोणाचं, याचं उत्तर 9 मार्च 1978 च्या सिमेंथाल निकालात आहे: प्रत्येक न्यायाधीशाचं, अगदी खालच्या पायरीवरच्याचंसुद्धा. फ्रान्सहून आलेल्या गोमांसाच्या आरोग्य तपासणीचं शुल्क घ्यायचं की नाही, असा वाद होता. इटलीत असा प्रश्न आधी घटनान्यायालयाकडे पाठवावा लागे. सुझा या छोट्या गावातल्या न्यायाधीशाला सांगण्यात आलं की वाट बघू नकोस, तूच तो कायदा बाजूला ठेव. आपल्याकडे एखाद्या दिवाणी न्यायाधीशाला संसदेचा कायदा बाजूला सारायला सांगितलं तर काय होईल याची कल्पना करा, म्हणजे या निकालाचं वजन कळेल. माझ्या मते अधिराष्ट्रीय कायद्याची सगळी ताकद याच जागी आहे. संघाकडे ना पोलीसठाणी, ना बेलिफ. त्याने देशोदेशीच्या न्यायाधीशांनाच आपले न्यायाधीश करून टाकलं.

संघाचे बंधनकारक कायदे तीन प्रकारचे, आणि कुठला प्रकार समोर आहे हे न बघता युक्तिवाद सुरू करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. नियमन आहे तसं सगळीकडे लागू होतं. 25 मे 2018 पासून लागू असलेलं वैयक्तिक माहितीचं नियमन, म्हणजे जीडीपीआर, या प्रकारचं. पुण्यातली कंपनी जर्मनीतल्या ग्राहकांना सेवा विकत असेल तर तिलाही ते गाठतं. नियमनाची नक्कल करून देशाने पुन्हा आपला कायदा करायचा नसतो, कारण मग तो मुळात युरोपचा आहे हेच झाकलं जातं आणि त्याचा अर्थ लावण्याची सूत्रं हळूच घरच्या कोर्टाकडे सरकतात. तरी नियमनातही फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. जीडीपीआरमध्ये मुलाच्या संमतीचं वय 16 आहे, पण देशाला ते 13 पर्यंत खाली आणता येतं. निर्णय ज्याला उद्देशून असतो त्यालाच बांधतो. आंब्याची बंदी अशीच, देशांना उद्देशून.

तिसरा प्रकार निर्देश, आणि डोकेदुखी तिथेच आहे. निर्देश देशाला साध्य सांगतो, साधन देशाने निवडायचं, बहुधा दोनेक वर्षांच्या मुदतीत. मुदत उलटली, देश झोपून राहिला, मग काय? नागरिक सरकारविरुद्ध निर्देश थेट वापरू शकतो, कारण स्वतःच्या कसुरीचा फायदा सरकारला घेता येत नाही. मुदत संपण्याआधी मात्र नाही. सरकार याचा अर्थही ऐसपैस घेतात. 1986 च्या मार्शल खटल्यात सरकारी आरोग्य मंडळाने मार्शलबाईंना 62 व्या वर्षी कामावरून काढलं होतं, पुरुषांना 65 पर्यंत ठेवत. मंडळ सरकारी होतं म्हणून त्या जिंकल्या. खाजगी मालक असता तर निर्देशाने त्यांना थेट काही दिलं नसतं.

खाजगी विरुद्ध खाजगी प्रकरणातली ही भिंत फाचिनी दोरी नावाच्या बाईंच्या खटल्यात ठळक दिसते. मिलानच्या मुख्य रेल्वे स्थानकावर एका विक्रेत्याने या बाईंना पत्रद्वारा इंग्रजी शिकण्याचा कोर्स विकला. चार दिवसांनी त्यांनी तो रद्द करायचं ठरवलं. दुकानाबाहेर केलेला करार ग्राहकाला मोडता यावा असा निर्देश होता, मुदतही टळली होती, पण इटलीने कायदा केलाच नव्हता. 1994 मध्ये न्यायालय म्हणालं, कंपनीविरुद्ध निर्देश चालणार नाही. निर्देश देशावर बंधन घालतो, विक्रेत्यावर नाही. आणि निर्देशाचा आधार घेऊन सरकारला नागरिकावर गुन्हाही लादता येत नाही.

मग अशा माणसाने करायचं काय? दोन वाटा आहेत. एक, घरच्या कायद्याचा अर्थ शक्य तितका निर्देशाला जुळेल असा लावून घ्यायचा. न्यायाधीशाने शब्दांना ताण द्यावा, पण शब्द मोडेपर्यंत नाही. कायदा स्पष्टपणे ‘नाही’ म्हणत असेल तर अर्थ लावून त्याचं ‘हो’ करता येत नाही. दुसरी वाट 1991 च्या फ्रांकोविच निकालाने उघडली: सरकारकडून नुकसानभरपाई. दिवाळखोर मालकाच्या कामगारांना थकलेला पगार मिळावा असा 1980 चा निर्देश इटलीने ऑक्टोबर 1983 ची मुदत टळूनही लागू केला नव्हता. भरपाईसाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. मोडलेला नियम माणसाला हक्क देणारा असावा, मोडणं पुरेसं गंभीर असावं आणि नुकसान त्यातूनच थेट झालेलं असावं. दुसरी अट सगळ्यात जड. निर्देश मुदतीत अजिबात लागू न करणं आपोआप गंभीर ठरतं, पण अस्पष्ट तरतुदीचा प्रामाणिकपणे चुकीचा अर्थ लावला तर सरकार सुटतं.

म्हणून प्रत्यक्ष खटल्यात क्रम असा ठेवावा: आधी घरच्या कायद्याचा जुळता अर्थ, तो बसत नसेल तर थेट परिणाम, तोही नसेल तर भरपाई. बरेच जण अग्रक्रमाचा मोठा दांडपट्टा पहिल्याच वाक्यात फिरवतात आणि जुळत्या अर्थाने सहज सुटलं असतं ते प्रकरण अवघड करून ठेवतात. आणखी एक सापळा: हक्क युरोपचा असला तरी मुदत, कोर्ट फी, पुरावा हे सगळं देशाच्या नियमांनीच चालतं. त्यावर दोनच लगाम आहेत. युरोपीय हक्काला घरच्या तशाच हक्कापेक्षा वाईट वागणूक नको, आणि हक्क बजावणं जवळपास अशक्य होईल अशी अट नको. दाव्याची वाजवी मुदत टळून गेलेल्या माणसाला अग्रक्रमाचं तत्त्व सहसा वाचवत नाही.

न्यायाधीशाला शंका आली तर तो खटला थांबवून लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतो. हे संघाच्या करारातलं कलम 267. कुठलंही कोर्ट पाठवू शकतं, ज्याच्यावर अपील नाही त्याने पाठवलाच पाहिजे. अपवाद तीन: प्रश्नाचा निकालाशी संबंध नाही, उत्तर आधीच दिलेलं आहे, किंवा उत्तर इतकं उघड आहे की वाजवी शंकेला जागाच नाही. शेवटच्या न्यायालयाला चुकवायचं असेल तेव्हा ते या तिसऱ्या पळवाटेनेच जातं. देशाच्या कोर्टाला युरोपीय कायदा वैध ठरवता येतो, पण अवैध मात्र एकटं लक्झेंबर्गच ठरवतं. प्रश्न पाठवताना खटल्याची तथ्यं, लागू होणाऱ्या घरच्या कायद्याचे शब्द आणि प्रश्न का पडला याची कारणं लिहावी लागतात. नाहीतर तो दारातूनच परत येतो. वाद खरा असावा लागतो, संगनमताने रचलेला चालत नाही. आणि उत्तर येतं ते कायद्याच्या अर्थाचं. खटला कोण जिंकला हे घरचाच न्यायाधीश सांगतो. या फेरीला अलीकडे सरासरी सोळा-सतरा महिने लागतात, तेवढी तयारी अशिलाला आधीच सांगून ठेवलेली बरी.

सरकारच हट्टाला पेटलं तर युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, आधी नोटीस देतो, मग कारणांसह मत, मग न्यायालय. निकालही पाळला नाही तर दंड. जून 2024 मध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या प्रकरणात हंगेरीला 20 कोटी युरो एकरकमी आणि वर दिवसाला 10 लाख युरो असा दंड झाला. न भरल्यास पोलीस येत नाहीत, संघाकडून त्या देशाला मिळणाऱ्या निधीतून रक्कम वळती होते. पोलंडने हे अनुभवलं आहे.

इतकं सगळं असूनही एक गाठ सुटलेली नाही: देशाच्या राज्यघटनेपेक्षाही युरोपीय कायदा वरचढ आहे का? लक्झेंबर्ग 1970 पासून ‘होय’ म्हणतं. जर्मनीच्या घटनान्यायालयाने 1974 मध्ये ‘जोवर’ हा शब्द वापरला: जोवर युरोपात मूलभूत हक्कांचं पुरेसं संरक्षण नाही, तोवर आम्ही तपासणार. 1986 मध्ये त्यांनी तोच ‘जोवर’ उलटा फिरवला: जोवर ते संरक्षण आहे, तोवर आम्ही तपासणार नाही. या दोन निकालांना जर्मन वकील आजही ‘जोवर एक’ आणि ‘जोवर दोन’ म्हणतात. पण किल्ली त्यांनी खिशातच ठेवली. 5 मे 2020 ला ती बाहेर आली. युरोपीय केंद्रीय बँकेच्या रोखेखरेदीबद्दल लक्झेंबर्गने दिलेला निकालच अधिकाराबाहेरचा, असं त्यांनी जाहीर केलं. आयोगाने 2021 मध्ये जर्मनीविरुद्ध कारवाई सुरू केली आणि जर्मन सरकारने अग्रक्रम मान्य असल्याची हमी दिल्यावर त्याच वर्षी ती मिटवली. 7 ऑक्टोबर 2021 ला पोलंडच्या घटनान्यायाधिकरणाने तर करारांच्या मूळ तरतुदीच पोलिश घटनेशी विसंगत ठरवल्या. दोन्ही प्रकरणं एकाच तागडीत तोलू नयेत. जर्मन न्यायालय दार ठोठावत होतं, पोलिश न्यायाधिकरणाने दाराची चौकटच नाकारली. पोर्तुगालने 2004 मध्ये घटनेच्या कलम 8 मध्येच उत्तर लिहून टाकलं: संघाचा कायदा संघ ठरवेल त्या रीतीने लागू होईल, लोकशाही राज्याची मूलतत्त्वं सांभाळून. शेवटचे शब्द वाचा. किल्ली तिथेही खिशातच आहे. अग्रक्रमाचं कलम युरोपीय राज्यघटनेच्या मसुद्यात होतं, पण 2005 मध्ये फ्रेंच आणि डच मतदारांनी तो फेटाळला. त्या मसुद्याच्या जागी आलेल्या लिस्बन करारात अग्रक्रम शेपटाला जोडलेल्या 17 व्या घोषणेत गेला.

पोर्तुगालचा विषय निघालाच आहे, तर गोव्याकडे वळू. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्याने राष्ट्रीयत्वाची वाट ठेवली आहे. भारतीय नागरिकत्व त्यात गमवावं लागतं, ते वेगळं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार ब्रिटनला गेले, विशेषतः इंग्लंडमधल्या स्विंडन या शहरात. ब्रिटनला हे अडवता आलं नाही, त्याचं कारण 7 जुलै 1992 चा मिकेलेत्ती निकाल: एका सदस्य देशाने दिलेलं राष्ट्रीयत्व दुसऱ्याने निमूट मान्य करायचं, ‘तुम्ही लिस्बन कधी पाहिलं तरी आहे का’ असं विचारायचं नाही. पहिले तीन महिने बिनशर्त राहायचं, पुढे नोकरी, धंदा किंवा पुरेसे पैसे दाखवायचे, पाच वर्षांनी कायमचं राहण्याचा हक्क. पती किंवा पत्नी भारतीय असली तरी सोबत येऊ शके. मौज म्हणजे जन्माने ब्रिटिश माणसाला आपली भारतीय बायको आणायला घरचे कडक नियम लागत, कारण सीमा न ओलांडलेल्या माणसाला युरोपीय कायदा हात लावत नाही. त्यावरची पळवाटही त्याच दिवशीच्या, लगतच्या क्रमांकाच्या सुरिंदर सिंग निकालातून निघाली. आधी जोडीदारासह दुसऱ्या सदस्य देशात खरंखुरं काम करा, मग युरोपीय हक्काने घरी परता.

ब्रेक्झिटनंतर संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 ला संपला आणि 1 जानेवारी 2024 पासून ब्रिटनने अग्रक्रमाचं उरलंसुरलं तत्त्वही आपल्या कायद्यातून काढून टाकलं. तरी संक्रमण संपण्याआधी तिथे राहत असलेल्या युरोपीय नागरिकांचे हक्क ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या माघारी कराराने जपले आहेत आणि त्या कराराचं कलम 4 ब्रिटिश कोर्टात थेट लागू होतं. त्या हक्कांबद्दलचा खटला संक्रमण संपल्यापासून साधारण आठ वर्षांच्या आत सुरू झाला असेल, तर ब्रिटिश न्यायाधीश लक्झेंबर्गला प्रश्न पाठवू शकतो. म्हणजे स्विंडनच्या एखाद्या गोंयकाराच्या राहण्याच्या हक्कावर वाद झाला, तर निदान 2028 अखेरपर्यंत इंग्लंडमधलं कोर्ट ते टपाल लक्झेंबर्गला धाडू शकतं.